शिरोड्याचा विठ्ठल, हुबळीची शाळा आणि जगाला मिळालेला एक टाका

प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गोमंतकातील एका गावाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. लंडन, शिकागो, मेलबर्न, टोकियो, कुठल्याही शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञाला शिरोडकर हा शब्द परिचित असतो. फोंडा तालुक्यातील शिरोडा गाव कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते आणि या नावामागचा माणूसही बहुतेक वेळा ठाऊक नसतो. त्याच्या लेखी शिरोडकर म्हणजे एक टाका. गर्भाशयाचे मुख अवेळी उघडू नये, पोटातील जीवाने आपले दिवस पुरे करावेत, यासाठी घातलेला टाका. तो शोधून काढणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे श्रीकामाक्षीच्या शिरोड्यात जन्मले, हुबळीत शाळा शिकले आणि मुंबईत नावारूपाला आले.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९चा. गावाच्या नावावरूनच घराण्याला आडनाव मिळालेले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीज राजेशाहीचा अंमल होता. पणजीत लिसेव होते आणि १८४२पासून चालत आलेली वैद्यकीय शाळाही होती. परंतु तेथील शिक्षणाची भाषा पोर्तुगीज होती. हिंदू समाजाला नागरी समानतेचा खरा लाभ झाला तो १९१०मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर. मुंबईच्या दिशेने पाहणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाला मुलासाठी इंग्रजी हवी होती आणि इंग्रजी शिक्षणाची मोठी केंद्रे सीमेपलीकडे होती. बेळगाव, धारवाड, हुबळी ही त्या काळी मुंबई इलाख्यातील गावे. मुरगावहून निघून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉक, लोंढा करीत जाणाऱ्या आगगाडीने ती गोव्याच्या जवळ आणून ठेवली होती. अनेक गोमंतकीय मुलांनी ही वाट धरली. विठ्ठल शिरोडकरही त्यांपैकी एक. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीत पूर्ण झाले.

हुबळीचे दिवस

त्या काळची हुबळी हे एक विलक्षण गाव होते. कापसाचा मोठा व्यापार आणि रेल्वेचा प्रचंड कारखाना यांमुळे गावात नाना प्रांतांची माणसे येऊन स्थिरावली होती. रस्त्यावर कन्नड, पेठेत मराठी, गुजराती आणि मारवाडी, कचेरीत इंग्रजी असा कारभार चाले. सिद्धारूढ स्वामी तेव्हा हयात होते आणि त्यांच्या मठात दूरदूरचे लोक येत. शेजारच्या धारवाडात घरी मराठी बोलणारे आणि कन्नडात कविता लिहिणारे द. रा. बेंद्रे तरुणपणाच्या उंबरठ्यावर होते. दोन भाषा आणि दोन संस्कृती एकाच अंगणात नांदवण्याची ही धारवाडी रीत त्या भागात शिकलेल्या माणसांच्या अंगी सहज मुरत असे.

या गावाने रोगाचे उग्र रूपही पाहिले होते. शिरोडकरांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८९८मध्ये, हुबळीत प्लेगने थैमान घातले आणि हाफकिन यांची लस तेथे हजारो लोकांना टोचण्यात आली. लसीबद्दलची भीती, अफवा आणि शेवटी तिचा दिसलेला गुण हे सारे गावाने अनुभवले होते. शिरोडकर शाळेत जाऊ लागले तेव्हा त्या साथीच्या आठवणी घराघरांत ताज्या असणार. हुबळीत त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते यायला १९५७ साल उजाडावे लागले. डॉक्टर व्हायचे तर पुढचा मुक्काम मुंबई हाच होता.

ग्रँट मेडिकल कॉलेज

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी गोमंतकाचे नाते जुने. १८४५मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. त्याच परंपरेत शिरोडकर दाखल झाले. १९२३मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.बी.बी.एस. पदवी घेतली, १९२७मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत एम.डी. केले आणि पुढे इंग्लंडला जाऊन १९३१मध्ये एफ.आर.सी.एस. झाले. प्रसूतीच्या क्षेत्रातील माणसाने शल्यचिकित्सेची ही कठीण परीक्षा देणे याला अर्थ होता. बाळंतपण सुखरूप पार पाडण्यावर त्यांना थांबायचे नव्हते. स्त्रीच्या शरीराची शल्यशास्त्राच्या नजरेने नव्याने ओळख करून घ्यावी, ही ओढ त्यांच्या पुढील सर्व कामांत दिसते.

परतल्यावर ते जे. जे. रुग्णालयाच्या समूहात मानद शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दीर्घकाळ प्रसूती व स्त्रीरोग या विषयांचे प्राध्यापक राहिले. मानद पदाची ती पद्धत आज जवळजवळ लोपली आहे. सकाळचे तास सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी द्यायचे आणि उदरनिर्वाह खाजगी व्यवसायावर चालवायचा, असा तिचा रिवाज होता. त्यामुळे शिरोडकरांसमोर दोन्ही थरांतील स्त्रिया येत. गिरणगावातील कामकरी बाईही येई आणि मलबार हिलवरील श्रीमंत घरची सूनही येई. दोघींचे एक दुःख मात्र सारखे असे.

चौथा ते सातवा महिना

ते दुःख होते पुन्हा पुन्हा पोट रिकामे होण्याचे. पहिले तीन महिने निर्विघ्न जात. घरात गोड बातमी पसरे. मग चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या महिन्यात, फारशा कळाही न येता, गर्भाशयाचे मुख अलगद उघडे आणि सारे संपून जाई. डोहाळजेवणाची हिरवी साडी आणून ठेवलेली आणि सातवा महिना कधी उजाडतच नाही, असे एकाच स्त्रीच्या आयुष्यात चार चार, पाच पाच वेळा घडे. त्या काळच्या समाजात याचा दोष कोणाला लागे हे सांगावयास नको. बाईच्या पायगुणाला, तिच्या पत्रिकेला, तिने उचललेल्या हंड्याला, तिने ओलांडलेल्या उंबरठ्याला. नवस होत, गंडेदोरे होत आणि काही घरांत नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू होत.

वैद्यकाकडे द्यायला फारसे काही नव्हते. महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला, जीवनसत्त्वे आणि संप्रेरकांची इंजेक्शने एवढाच उपचार. शिरोडकरांच्या लक्षात आले की, स्त्रियांच्या एका विशिष्ट गटात यातील कशाचाही उपयोग होत नाही. मग दोष संप्रेरकांत नसून दुसरीकडे असला पाहिजे. त्यांनी अशा स्त्रियांची गरोदरपणात वारंवार तपासणी सुरू केली. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. तपासणाऱ्याच्या बोटांना जे कळे तेवढेच ज्ञान. त्या बोटांना जे जाणवले ते साधे होते. गर्भाशयाच्या ग्रीवेचा आतला वेढा, जो नऊ महिने घट्ट मिटून राहायला हवा, तो या स्त्रियांत सैल होता. गर्भाचे आणि गर्भजलाचे वजन वाढले की पिशवीचे तोंड ते पेलू शकत नसे.

गर्भाशयाच्या मुखातील या दुबळेपणाची कल्पना जगात इतरत्रही मूळ धरत होती. शिकागोच्या लॅश आणि लॅश यांनी १९५०मध्ये त्यावर लिहिले होते. पण त्यांची शस्त्रक्रिया गर्भ नसताना करायची होती. शिरोडकरांचा विचार अधिक धाडसी होता. ज्या वेळी आधार हवा त्याच वेळी, म्हणजे गर्भ पोटात असतानाच, तो द्यावा. पिशवीचे तोंड सैल असेल तर तिला नाडी बांधावी, इतका तो विचार घरगुती होता. मात्र ती नाडी जिवंत, गरोदर, रक्ताने भरलेल्या अवयवाभोवती, आतल्या गर्भाला धक्का न लावता बांधायची होती.

नाडीसाठी वापरलेले कापड

ही नाडी कशाची असावी, याचे उत्तर त्यांनी रुग्णाच्याच शरीरात शोधले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट, पांढरे आवरण असते. त्याची एक अरुंद पट्टी काढून घ्यायची. मग योनीमार्गाने ग्रीवेच्या पुढच्या बाजूला आडवा छेद घेऊन मूत्राशय हलकेच वर सारायचे, मागच्या बाजूला दुसरा छेद घ्यायचा आणि बोथट सुईच्या साहाय्याने ती पट्टी त्वचेखालून ग्रीवेभोवती, आतल्या वेढ्याच्या पातळीवर, फिरवून आणून घट्ट बांधायची. शरीराचेच ऊतक असल्याने ते शरीर नाकारणार नाही आणि त्वचेखाली झाकलेले असल्याने जंतुसंसर्गाचा धोका कमी राहील, हा त्यामागचा हिशेब. पुढे मांडीची पट्टी मागे पडली आणि कृत्रिम धाग्याची विणलेली फीत तिच्या जागी आली. बाळाचे दिवस भरत आले की टाका काढायचा किंवा तो तसाच ठेवून शस्त्रक्रियेने प्रसूती करायची.

१९५५मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात शिरोडकरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. लेख जेमतेम दोन पानांचा होता. मागील पाच वर्षांत पाहिलेल्या सुमारे ३० स्त्रियांच्या अनुभवावर तो आधारलेला होता. यांतील प्रत्येकीचा गर्भ किमान चार वेळा गेला होता. काहींच्या वाट्याला हे नऊ ते अकरा वेळा आले होते. आकड्यांमागच्या या घरांचा विचार केला म्हणजे त्या दोन पानांचे वजन कळते.

भारतीय मासिकातील लेख त्या काळी पश्चिमेत सहसा वाचला जात नसे. तरीही शिरोडकरांचे नाव झपाट्याने पसरले, कारण त्यांनी आपली शस्त्रक्रिया परदेशात प्रत्यक्ष करून दाखवली. त्यांच्या हाताची सफाई पाहणाऱ्यांना लेखाची गरज उरली नाही. १९५७मध्ये मेलबर्नच्या इयन मॅक्डोनल्ड यांनी आणखी सोपी पद्धत मांडली. तीत छेद घेण्याची, मूत्राशय वर सारण्याची आवश्यकता नव्हती. बटव्याच्या तोंडाला दोरा ओवावा तसा ग्रीवेभोवती टाका ओवायचा. सोपेपणामुळे आज मॅक्डोनल्ड यांची पद्धत अधिक ठिकाणी वापरली जाते आणि दोहोंच्या परिणामांत मोठा फरक आढळलेला नाही. ग्रीवा फारच आखूड असेल किंवा साधा टाका पूर्वी अपयशी ठरला असेल, तर मात्र अनेक तज्ज्ञ अजूनही शिरोडकरांच्या पद्धतीकडे वळतात.

आठवड्यांचे मोल

या टाक्याने नेमके काय वाचवले, हे समजण्यासाठी अकाली जन्मलेल्या बाळाकडे पाहिले पाहिजे. सातमाशी बाळ जगते आणि आठमाशी जगत नाही, अशी एक समजूत घरोघरी होती. ती खरी नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो. शिरोडकरांच्या उमेदीच्या काळात तर हे पारडे फारच नाजूक होते. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी जन्मलेल्या त्या बाळाचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली राष्ट्राचे सारे वैद्यक हाताशी असूनही अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांमुळे ते दोन दिवसही जगले नाही. फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइड देण्याचा प्रयोग न्यूझीलंडमधून जगापुढे आला तो १९७२मध्ये. बोगोटामध्ये आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याची, आज कांगारू पद्धत म्हणून ओळखली जाणारी, रीत सुरू झाली १९७८मध्ये. म्हणजे शिरोडकर टाका घालू लागले तेव्हा अकाली बाळासाठी गर्भाशयाहून चांगला अतिदक्षता विभाग जगात कुठेही नव्हता.

फुप्फुसांनंतर प्रश्न येतो मेंदूचा आणि त्याची सर्वांत साधी खूण म्हणजे डोक्याचा घेर. आजी बाळाची टाळू भरताना हाताच्या तळव्याने जो अंदाज घेते, तोच डॉक्टर टेप लावून घेतात. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत उंच भागाभोवती टेप फिरवली की मिळणारा आकडा कवटीचा वाटतो, पण तो सांगतो आतल्या मेंदूची वाढ. २४व्या आठवड्याला हा घेर सुमारे २२ सेंटिमीटर असतो, २८व्या आठवड्याला साधारण २६ आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचा ३४ ते ३५. शेवटच्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर असा झपाट्याने वाढतो, कारण याच काळात मेंदूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर वळ्या पडू लागतात. ३४व्या आठवड्यातदेखील मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच भरते.

जी वाढ आईच्या पोटातील अंधारात, ऊबेत आणि नाळेतून मिळणाऱ्या अन्नावर व्हायची, तीच अकाली जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत दिव्यांच्या झोतात, नळ्यांच्या गराड्यात आणि थेंब थेंब दुधावर व्हावी लागते. म्हणून नवजात शिशू विभागात दर आठवड्याला हा घेर मोजतात. पहिल्या काही दिवसांत शरीरातील पाणी घटल्याने तो किंचित कमीही होतो. त्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढ समाधानकारक मानली जाते. वाढ खुंटली तर पोषण कमी पडत असेल, फार वेगाने झाली तर मेंदूतील पोकळ्यांत पाणी साचत असेल, अशी शंका घेऊन डॉक्टर पुढचा तपास करतात. जन्मतः डोके लहान असले तरी पहिल्या महिन्यांत ते वेगाने भरून आले, तर ती चांगली खूण. ते मागेच राहिले, तर पुढे शिकण्यात अडचणी येण्याचा संभव वाढतो. तरीही एकट्या आकड्यावरून बाळाचे भविष्य ठरत नाही. आईवडिलांच्या डोक्याची ठेवणही पाहावी लागते. बाळ तीन महिने आधी जन्मले असेल तर सहाव्या महिन्यात त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची, असे वय दुरुस्त करून पाहण्याची रीत दोन वर्षांपर्यंत पाळली जाते. शेजारच्या घरातील मुलाशी तुलना करून झुरणाऱ्या आईला हा हिशेब कोणी समजावून सांगितला, तर तिचा अर्धा भार हलका होतो.

शिरोडकरांनी बाळांची डोकी मोजली नाहीत. ते त्यांचे क्षेत्र नव्हते. परंतु २४व्या आठवड्याला जाणारा गर्भ त्यांच्या टाक्याने ३७व्या आठवड्यापर्यंत टिकला, तर टेपवरील ते दहाबारा सेंटिमीटर पोटातच वाढून होत आणि मोजण्याची चिंता उरत नसे.

इतर कामे, सन्मान आणि अखेर

एका टाक्याच्या कीर्तीमुळे त्यांचे इतर काम झाकोळले गेले. तरुण, कधी कधी मूल न झालेल्या स्त्रियांतही गर्भाशय खाली उतरण्याचा विकार आढळे. अशा वेळी गर्भाशय काढून टाकणे म्हणजे तिचे मातृत्वच काढून घेणे. शिरोडकरांनी पट्टीचा झोळीसारखा आधार देऊन गर्भाशय वर पाठीच्या कण्याच्या तळाशी टांगण्याची शस्त्रक्रिया तयार केली. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी ती आजही त्यांच्याच नावाने शिकतात. बंद झालेल्या गर्भनलिका पुन्हा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियांतही त्यांनी भर घातली. या सर्व अनुभवांचा ग्रंथ १९६०मध्ये एडिनबरोहून प्रसिद्ध झाला. या साऱ्या कामाला एकच धागा जोडतो. अवयव काढून टाकण्याआधी त्याला आधार देता येतो का, हे पाहणे.

मातृत्व वाचवणारा हा शल्यचिकित्सक कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही पुढे होता, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचे नाव आहे. ही संघटना १९४९मध्ये स्थापन झाली तेव्हा संततिनियमनाचा विषय सभ्य समाजात उच्चारणेही अवघड होते. ज्या बाईला मूल हवे आहे तिचे मूल टिकावे आणि जिला आणखी नको आहे तिच्यावर ते लादले जाऊ नये, या दोन भूमिका एकाच विचारातून येतात. दोन्हींत निर्णय स्त्रीच्या शरीराचा आणि तिच्या जिवाचा आहे.

भारत सरकारने १९६०मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या सीमेपलीकडे शिकायला जावे लागले होते ती सीमा उरली नाही. १९७१च्या सन्मानसूचीत पद्मविभूषण म्हणून त्यांचे नाव आले आणि काही आठवड्यांतच, ७ मार्च १९७१ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काळाची परीक्षा

मृत्यूनंतर त्यांच्या शोधाची खरी परीक्षा झाली. कीर्तीला एक शाप असतो. चांगला उपाय सापडला की तो गरज नसलेल्यांवरही होऊ लागतो. शिरोडकर टाक्याचे तसेच झाले. अकाली प्रसूतीची कारणे अनेक. जंतुसंसर्ग, जुळी, रक्तदाब, रक्तस्राव, कुपोषण. आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. ग्रीवेचा दुबळेपणा हे त्यांपैकी केवळ एक. तरीही एखादा गर्भ गेला की टाका घाला, अशी प्रथा पडत गेली. शिरोडकरांच्या मूळ लेखात तुलनेसाठी टाका न घातलेल्या स्त्रियांचा गट नव्हता. त्या काळी तशी पद्धतही फारशी रुळली नव्हती. त्यामुळे टाक्याने मूल वाचले की टाक्याशिवायही ते वाचले असते, हा प्रश्न उघडाच राहिला.

त्याचे उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने केला. १२ देशांतील १२९२ स्त्रियांचा, ज्यांना टाका घालावा की नाही याविषयी त्यांचे डॉक्टरच साशंक होते, अभ्यास करून १९९३मध्ये अंतिम अहवाल आला. टाका घातलेल्या गटात ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूती झालेल्या १३ टक्के निघाल्या, न घातलेल्या गटात १७ टक्के. म्हणजे साधारण २५ टाके घातले तेव्हा एक फार लवकरची प्रसूती टळली. टाक्याचे गुणगान ऐकलेल्यांना हा आकडा निराश करणारा होता. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद होती. ज्या स्त्रियांच्या तीन किंवा अधिक खेपा अशा अवेळी संपल्या होत्या, त्यांच्यात टाका घातल्यावर हे प्रमाण १५ टक्के होते आणि न घातल्यास ३२ टक्के. मुंबईच्या रुग्णालयात शिरोडकरांनी बोटांनी तपासून निवडलेल्या स्त्रिया नेमक्या याच प्रकारच्या होत्या. सरसकट वापराला त्या अभ्यासाने आळा घातला आणि मूळ निवडीला दुजोरा दिला.

आज सोनोग्राफीने ग्रीवेची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पूर्वी अकाली प्रसूती झालेल्या स्त्रीत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर टाक्याचा विचार होतो. काहींना त्याऐवजी प्रोजेस्टेरॉन दिले जाते. जुळ्यांच्या बाबतीत केवळ ग्रीवा आखूड दिसली म्हणून टाका घालण्याची घाई करू नये, हेही आता कळले आहे. शिरोडकरांच्या बोटांनी जे ओळखले ते यंत्राने अधिक नेमके केले, एवढाच तो फरक आहे.

उरलेले काम

काम मात्र संपलेले नाही. २०२०मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवड्यांपूर्वी जन्मली; त्यांतील जवळपास ३० लाख भारतातील होती. एका टाक्याने आवरण्यासारखा हा आकडा नाही. गरोदर स्त्रीचे रक्त, तिचा रक्तदाब, तिचे जेवण, तिची विश्रांती आणि दोन खेपांमधील अंतर, या साऱ्यांची काळजी त्यात येते. अकाली जन्मलेल्या बाळासाठी आईची छाती, आईचे दूध, नियमित तपासणी आणि दर भेटीला डोक्याभोवती फिरणारी एक साधी टेप हीच खरी साधने.

ज्या हुबळीत शिरोडकर शाळेत गेले ती आज धारवाडशी जोडलेले महानगर आहे आणि तिचे नाव हुब्बळ्ळी असे लिहिले जाते. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून गरोदर स्त्रिया येतात आणि अपुऱ्या दिवसांची बाळे नवजात विभागात वाढवली जातात. त्या शहरात आणि पणजीजवळच्या बांबोळीत प्रसूतिशास्त्र शिकणारी मुले एक दिवस पाठ्यपुस्तकातील त्या प्रकरणाशी येऊन पोहोचतात. त्यातील नाव परदेशी नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो माणूस आपल्याच वाटेने, घाट चढून, शाळा शोधत गेला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

शिरोड्याच्या कामाक्षीसमोर आजही ओटी भरली जाते, नवस फेडले जातात, नवी बाळे देवीच्या पायांवर घातली जातात. त्यांतील एखाद्या बाळाचे दिवस पुरे झाले ते याच गावच्या एका सुपुत्राच्या टाक्यामुळे, असे असू शकेल. त्या बाळाच्या आईला टाक्याचे नाव आठवेल किंवा आठवणारही नाही. टोपड्याच्या नाड्या बांधताना ती फक्त एवढेच पाहील की, मागच्या महिन्यात सैल होणारे टोपडे या महिन्यात डोक्याला नेमके बसू लागले आहे.